पोटदुखी, कोंडा आणि आजीची उशी

चौथीतल्या लेकीला रोज सकाळी शाळेच्या वेळी पोटात कळ येते, डॉक्टरांना काही सापडत नाही, ही तक्रार घेऊन आई आली होती. मुलीला आपण मनू म्हणू, खरं नाव वेगळं आहे. मी नेहमीचे प्रश्न विचारत होते आणि मनूचं बोट सारखं कानामागे जात होतं. माझी नजर तिकडे गेली तशी आई पटकन म्हणाली, "कोंडा आहे."

कोंडा झटकला की पडतो. मनूच्या केसाला कानामागे चिकटलेले पांढरे ठिपके हलत नव्हते. लिखाच त्या.

आईला बाहेर बसवलं तेव्हा मनू बोलली. वर्गात कुणीतरी "हिच्या डोक्यात उवा आहेत" म्हटलं आणि बाकावरची मैत्रीण दप्तर उचलून पुढे जाऊन बसली. त्या दिवसापासून पोट दुखायला लागलं. हे नाटक नव्हे. लाजेनं पोरांचं पोट खरोखर दुखतं.

आई आत आली आणि रडलीच. "मॅडम, आमच्या घरी रोज आंघोळ, रविवारी न्हाणं. तीनदा औषध लावलं, परत होतात. लोक म्हणतील, घाणेरडी माणसं." ही भीती दर वर्षी चारपाच आया तरी माझ्याजवळ बोलून दाखवतात. उवेला स्वच्छ-अस्वच्छ कळत नाही. तिला फक्त डोकं लागतं. तिला उडी मारता येत नाही, उडताही येत नाही. डोक्याला डोकं लागलं की ती केसावरून केसावर चालत जाते. (मी पाचवीत असताना माझ्याही होत्या, हे सांगितल्यावर बाईंचं रडं जरा थांबलं.)

उपाय काय काय केले ते ऐकून मात्र माझ्या अंगावर काटा आला. सीताफळाच्या बिया वाटून लावल्या होत्या, ते डोळ्यात गेलं आणि दोन दिवस डोळा लाल. या बियांनी डोळ्याच्या बुबुळाला इजा होते. रॉकेलचं तर नावच नको, पेट घेतं आणि पोटात गेलं तर जिवावर बेततं.

औषध लावूनही उवा परत का येतात? परमेथ्रिन 1 टक्क्याचं लोशन धुतलेल्या ओलसर केसांना लावून 10 मिनिटांनी धुवायचं. त्यानं उवा मरतात, पण सगळ्या लिखा मरत नाहीत. लीख साधारण 7 ते 10 दिवसांत फुटते, म्हणून नवव्या दिवशी पुन्हा लावावं लागतं. यांनी तेच केलं नव्हतं. शिवाय फणी. कंगवा नव्हे, बारीक दातांची फणी. केसांना भरपूर तेल नाहीतर कंडिशनर लावून, बटा पाडून, मुळापासून टोकापर्यंत, दर फेरीला पांढऱ्या फडक्यावर पुसत. दोन-तीन आठवडे, दर तिसऱ्या दिवशी. कंटाळवाणं आहे, पण काम करतं. घरभर फवारे मारायचं कारण नाही. डोक्यावरून पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. उशीचे अभ्रे आणि टॉवेल गरम पाण्यात धुतले की पुरे.

मग मी विचारलं, "मनू रात्री कुणाजवळ झोपते?"

"आजीजवळ. एकाच उशीवर."

"आजींचं डोकं पाहिलंत?"

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. आजीही डोकं खाजवायच्या, आणि तिथंही घरानं "कोंडा" हाच शब्द ठरवून टाकला होता. पांढऱ्या केसांत लिखा दिसतही नाहीत. "मॅडम, सासूबाईंना मी कसं म्हणू, तुमच्या डोक्यात उवा आहेत म्हणून?"

माझ्या मते या घराचा आजार हाच होता. लेकीचं डोकं तीनदा साफ झालं आणि तीनदा त्याच उशीवर टेकलं. आम्ही अर्धा तास फक्त ते एक वाक्य जुळवत बसलो. "आई, तुम्हाला झाल्यात का" हे नको, आरोप वाटतो. "आई, डॉक्टर म्हणाले घरातल्या सगळ्यांची डोकी बघायची, आधी माझं बघा" असं ठरलं. सुनेनं आधी आपलं डोकं पुढे केलं की सासूलाही करता येतं.

शाळेत मी वर्गशिक्षिकेशी बोलले. कुणाचंही नाव न घेता सगळ्या पालकांना चिठ्ठी गेली, आणि मनूला वेगळं बसवायचं नाही एवढं पक्कं केलं. पोटदुखी लगेच गेली नाही. पुढचे दोन सोमवार राहिली, मग विरली.

महिन्याभरानं आई परत आली ती हसतच. आजींनी ओट्यावर उन्हात बसून निमूट फणी करून घेतली होती, पण नंतर चार दिवस सुनेशी अबोला. उवा निघाल्या म्हणून नव्हे. "सहा महिने माझं डोकं खातायत," त्या म्हणाल्या, "आणि घरात एकालाही विचारावंसं वाटलं नाही!"