रॉकेटं स्वस्त झाल्याचा श्रीमंतांच्या सहलीपलीकडे कुणाला उपयोग आहे का?

तुम्ही विचारलंय की खासगी कंपन्यांनी अंतराळात जाणं स्वस्त केलं म्हणतात, पण त्यात अब्जाधीशांच्या हौसेपलीकडे काय आहे?

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. काही वर्षांपूर्वी उपग्रहाच्या एका ब्रॅकेटची ऑर्डर आली होती. अ‍ॅल्युमिनियमचा तळहाताएवढा तुकडा, नग चार. मशीनवरचं काम दीड दिवसाचं. पण मटेरियलचं सर्टिफिकेट, प्रत्येक मापाचा रिपोर्ट, कोणता नग कोणत्या बारमधून कापला याची नोंद, यात तीन आठवडे गेले. त्यातला एक नग दोन शतांश मिलिमीटरने बाहेर गेला म्हणून परत आला. गाडीचा पार्ट असता तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. मी कुरकुर केली तर तपासायला आलेले साहेब म्हणाले, "वर बिघडला तर पाना घेऊन कोण जाणार?"

तुमचं निम्मं उत्तर त्या तीन आठवड्यांत आहे. वर पोचवायचा खर्च अफाट, म्हणून पाठवायची वस्तू बिनचूक हवी. बिनचूक म्हणजे महाग. इतकी महाग वस्तू न्यायची म्हणून रॉकेटही तसंच हवं. दोघं मिळून एकमेकांचा भाव चढवत राहतात. भाडं उतरलं की ही गाठ सैल होते, आणि 'नाही चाललं तर पुढच्या खेपेला दुसरा पाठवू' असं म्हणायची सोय होते.

आता स्वस्त झालं कसं? रॉकेट परत वापरलं म्हणून, असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं. नासाचं स्पेस शटलही परत यायचंच. १९८१ ते २०११ मध्ये १३५ उड्डाणं झाली, तरी ते कधी स्वस्त झालं नाही. त्याच्या अंगावर उष्णतेपासून वाचवायला चोवीस हजारांच्या आसपास टाइल्स होत्या, बहुतेकींचा आकार वेगळा, प्रत्येकीला स्वतःचा नंबर. दर खेपेनंतर त्या तपासत बसायचं. आमच्याकडे दोन जॉब सारखे नसले तरी कॉस्टिंगचा बोऱ्या वाजतो!

स्पेसएक्सचं फाल्कन ९ बघा. खाली नऊ मर्लिन इंजिनं, वरच्या टप्प्यात त्याच जातीचं एक. एका रॉकेटमागे दहा. म्हणजे बॅच आली, आणि बॅच आली की सेटिंगचा खर्च वाटला जातो, कारागिराचा हात बसतो. डिसेंबर २०१५ मध्ये खालचा टप्पा पहिल्यांदा उभा उतरला, मार्च २०१७ मध्ये वापरलेला टप्पा पुन्हा उडाला. फिक्स्चर, म्हणजे जॉब मशीनवर पकडून ठेवायचा साचा, दर जॉबबरोबर भंगारात टाकायचं बंद झालं, एवढं साधं.

'खासगी' या शब्दाने मात्र हुरळून जाऊ नका. या कंपनीची पहिली तीन उड्डाणं फसली, चौथं सप्टेंबर २००८ मध्ये जमलं, आणि त्याच डिसेंबरात नासाने माल पोचवायचं १.६ अब्ज डॉलरचं कंत्राट दिलं. सरकारी गिऱ्हाईक नसतं तर कदाचित शटर खाली आलं असतं.

सहलींचं म्हणाल तर डेनिस टिटो २००१ मध्ये सुमारे दोन कोटी डॉलर मोजून रशियाच्या यानातून जाऊन आला. त्याने तुमचं-माझं काही भलं झालं नाही, हे मान्य.

खरी मजा छोट्या उपग्रहांत आहे. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी बनवलेला 'स्वयम्' हा उपग्रह जून २०१६ मध्ये इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटमधून गेला. वजन किलोभरही नाही. दिशा सांभाळायला महागडी यंत्रणा नाही, आत लोहचुंबक. होकायंत्राच्या सुईसारखा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून राहायचा. मोठ्या उपग्रहाबरोबर उरलेल्या जागेत बसवून नेला म्हणून हे परवडलं. (आणि हे आपल्या सरकारी रॉकेटवर, तेव्हा स्वस्ताईचा मक्ता कुणा एकाकडे नाही.) फेब्रुवारी २०१७ मध्ये इस्रोने एकदम १०४ उपग्रह सोडले, त्यातले ८८ प्लॅनेट या एकाच अमेरिकी खासगी कंपनीचे, जेमतेम पाच-पाच किलोचे. काम काय, तर पृथ्वीचे फोटो काढायचे. पूर कुठवर आला, पीक कुठे पिवळं पडलं, हे त्यांत दिसतं. शेतकऱ्याला रॉकेटचं नावही माहीत असायची गरज नाही.

तोटाही आहे. हजारो उपग्रहांच्या रेघा आता दुर्बिणीच्या फोटोंत उमटतात, खगोलवाले वैतागलेत, आणि त्यांचं चुकीचं नाही.

आणि अजून सगळं वाचतंय असंही नाही. फाल्कनच्या दहा इंजिनांतलं वरचं एक अजून दर खेपेला वायाच जातं.