ओळ संपल्यावरची जागा

प्रिय दोस्ता,

सप्रेम सलाम.

तू पाठवलेलं चर्चमधल्या उपासनेचं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. पहिल्यांदा तुझी गिटार ऐकली. दुसऱ्यांदा मंडळी काय गातेय ते ऐकायला गेलो. तिसऱ्यांदा ते ऐकू का येत नाही, हे शोधत बसलो. हात चांगला आहे तुझा. मींड गोड आहे, बार, म्हणजे तारांवरून सरकवायची ती कांडी, थरथरत नाही. पण चार कडव्यांच्या गीतात तू एकदाही थांबला नाहीस. लोक जी चाल गात होते तीच चाल, त्याच वेळी, त्यांच्याहून मोठ्याने तू वाजवत होतास.

यात वाद्याचाही थोडा हात आहे. रेझोनेटर, म्हणजे पोटात धातूचे शंकू असलेली तुझी ही गिटार, जन्मालाच आली मोठ्याने बोलण्यासाठी. इलेक्ट्रिक गिटार अजून बाजारात यायची होती आणि बॅंडमधल्या पितळी वाद्यांपुढे गिटारचं कुणाला काही ऐकू जात नसे, तेव्हाची ही गोष्ट. जॉन डोपेरा यांनी धातूच्या गिटारच्या पोटात पातळ ॲल्युमिनियमचे सहा-सहा इंची तीन शंकू बसवले. 1927 मध्ये नॅशनल कंपनीच्या नावाने ती गिटार आली. पुढच्याच वर्षी डोपेरा वेगळे झाले आणि भावांबरोबर त्यांनी डोब्रो काढली. तिच्यात एकच मोठा शंकू, वाडग्यासारखा उताणा, आणि त्यावर तारांचा भार पेलणारी आठ पायांच्या कोळ्यासारखी घोडी. ‘डोपेरा ब्रदर्स’मधलं ‘डो’ आणि ‘ब्रो’ जोडून हे नाव झालं. त्यांच्या स्लोव्हाक भाषेत ‘डोब्रो’ म्हणजे ‘चांगलं’. तर पितळी वाद्यांशी झुंजायला घडवलेलं हे वाद्य तू म्हाताऱ्या माणसांच्या आवाजाशेजारी घेऊन बसला आहेस, एवढं लक्षात ठेव. तार छेडायच्या पिकचा जोर निम्म्यावर आण. सवय मोडायला महिनाभर लागेल.

आता मुख्य गोष्ट. बार सरकवून वाजवलेल्या गिटारला, म्हणजे स्लाइडला, गळ्यासारखं गाता येतं, म्हणून ती उपासनेत शोभते, असं सगळे म्हणतात. खरंच आहे ते. पण म्हणूनच ती धोक्याचीही आहे. पियानो लोकांच्या गाण्याखाली बसतो, कारण तो गळ्यासारखा नाही. स्लाइड मात्र थेट गाणाऱ्याच्याच जागी जाऊन बसते. एका खुर्चीवर दोघं.

यावरचा उपाय मला ब्लाइंड विली जॉन्सन यांच्याकडे सापडला. टेक्ससचा हा अंध गायक रस्त्यावर उभा राहून भक्तिगीतं गायचा. 1927 ते 1930 या काळात कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने त्याच्या तबकड्यांच्या तीस बाजू ध्वनिमुद्रित केल्या. नीट ऐक. पुष्कळदा तो ओळ गाता गाता शेवटचा शब्द सोडून देतो आणि तो शब्द स्लाइड म्हणते. गळा आणि तार एकमेकांवर चढत नाहीत; एकाने सोडलं की दुसरा उचलतो. त्याच्या एका मुद्रणात तर शब्दच नाहीत, नुसता हुंकार आणि तार. 1977 मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर जी सोनेरी तबकडी गेली, तिच्यावर ते आहे. (अंतराळात जाण्याइतकं काय आहे त्यात, असं मला पहिल्यांदा ऐकताना वाटलं होतं. तेव्हा मी तुझ्याच वयाचा होतो आणि मला वेग आवडायचा.)

दुसरं उदाहरण ‘सेक्रेड स्टील’चं. अमेरिकेतल्या ‘हाउस ऑफ गॉड’ या पेंटेकॉस्टल मंडळ्यांमध्ये 1930 च्या दशकात इलेक्ट्रिक लॅप स्टील, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून बारने वाजवायची गिटार, आली आणि ऑर्गनचं काम करू लागली. विली ईसन यांनी तिच्यातून गाणाऱ्यांच्या आणि प्रार्थना करणाऱ्यांच्या आवाजाची नक्कल काढायची रीत पाडली. ती उपासना धगधगती असते, तुमची शांत. त्यामुळे त्यांची वाजवण्याची ढब उचलू नकोस, ऐकण्याची उचल. उपदेशकाने श्वास घेतला की स्टील बोलते. त्याआधी नाही.

गायक ‘जागा’ घेतो म्हणतात ना, तशी तुझी जागा ओळ संपल्यावरची आहे. मंडळी श्वास घेते ती दीड-दोन मात्रांची फट. तिथे एक सूर, फार तर दोन. पुढची ओळ सुरू व्हायच्या आत तारेवर हात ठेवून आवाज बंद. यासाठी गीताचे शब्द तोंडपाठ हवेत, कारण फट शब्दांत असते, कॉर्डच्या कागदावर ती दिसत नाही. पहिलं कडवं अजिबात वाजवू नकोस. बार हातात धर आणि गा. मी तरुणपणी प्रभुभोजनाच्या वेळच्या एका संथ गीतात इतक्या हरकती घातल्या, की उपासना संपल्यावर एक आजी येऊन म्हणाल्या, “बाळा, मी गायचं थांबले, तुझं व्हायची वाट बघत होते.” चेष्टेने नव्हत्या म्हणाल्या. त्या खरंच थांबल्या होत्या.

सुराचं थोडं सविस्तर लिहितो, कारण तिथे तुझी खरी अडचण आहे. बार फ्रेटच्या, म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या धातूच्या, पट्टीच्या बरोबर वर हवा, बोटाने दाबताना ठेवतो तसा मागे नाही. वरून तिरकं पाहिलं तर डोळा फसवतो. तारेला नुसता टेकव, दाबू नकोस. बारच्या मागे राहिलेली बोटं तारांवर हलकी पडलेली हवीत, नाहीतर मागचा तुकडा खरखरतो. आणि ओपन डीमध्ये, म्हणजे मोकळ्या तारांतूनच डी कॉर्ड वाजेल अशा जुळणीत, तुझा गंधार मला खटकला. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत सा-प-सा-ग-प-सा अशा तारा लागतात, आणि तू तो ग कानाने, तंबोऱ्यातल्या स्वयंभू गंधारासारखा लावतोस. एकटा वाजवताना तो अमृतासारखा लागतो. पण कीबोर्डचा गंधार त्याच्यापेक्षा साधारण 14 सेंट (अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर त्यातले 14) चढा असतो. दोन्ही एकदम वाजले की कुणीतरी बेसूर आहे असं लोकांना वाटतं, आणि कीबोर्डवर कुणी संशय घेत नाही. म्हणून कीबोर्ड असेल त्या दिवशी ती तार थोडी चढव, मधे कुठेतरी तडजोड कर.

मायनर कॉर्ड आली की गडबडतोस, तेही ऐकू आलं. ओपन डीमध्ये ग फक्त बारीक बाजूने तिसऱ्या तारेवर आहे. ती तार सोडून दे, नुसते सा आणि प वाजव. कोमल गंधार कीबोर्डवाला किंवा गाणारे भरतील. तिरका बार वगैरे पुढे शिकू. ई पट्टीतलं गीत असेल तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा, लाव. आणि कंपन? प्रत्येक सुरावर नको. सूर आधी सरळ लागू दे, मग हलव. सुरुवातीपासूनच बार हलवणारा बहुधा चुकलेला सूर झाकत असतो. मी वर्षानुवर्षं झाकला.

माइक शंकूच्या अगदी मधोमध रोखू नका. थोडा बाजूला, वीतभर अंतरावर ठेवून बघा. एवढं पुरतं. बाकी ध्वनी सांभाळणाऱ्याचं ऐक, त्याला सभागृह तुझ्याहून जास्त ठाऊक आहे.

धातूच्या गिटारचं एक वेगळंच दुखणं असतं. थंड सभागृहात तिचं अंग गार असतं, दिव्यांखाली तापलं की सूर सरकतो. अर्धा तास आधी पोच, तिला पेटीतून बाहेर काढून ठेव, आणि जिथे वाजवणार तिथेच सूर लाव. तारा शनिवारी रात्री बदलू नकोस. नव्या तारा ताणत राहतात आणि पहिल्या गीतालाच उतरतात. गुरुवारी बदल, एकेक करून. सगळ्या एकदम काढल्यास तर शंकूवरचा दाब जाईल आणि तो जागचा हलेल, मग खरखर कुठून येतेय ते शोधत रविवार उजाडेल.

पुढच्या रविवारची गीतं ठरली की पट्टीसकट यादी पाठव. प्रत्येक गीताच्या शब्दांवर तू जिथे जिथे वाजवणार आहेस तिथे पेन्सिलने खूण कर आणि तो कागदही पाठव. खुणा फार झाल्या तर मी खोडीन.

तुझा,
जुना डोब्रोवाला