सात-बारा नाही, पण दूध रोज संस्थेत जातं

प्रश्न : आमच्या दोन म्हशी आहेत. दूध गावच्या सहकारी संस्थेत घालते, दर दहा दिवसांनी बिल होतं. आणखी एक म्हैस घ्यायची आहे, किंमत लाखाच्या घरात सांगतात. जमीन सासऱ्यांच्या नावावर आहे. बँकेत गेले तर ‘सात-बारा आणा, नाहीतर जामीनदार आणा’ म्हणून परत पाठवलं. सावकाराच्या दारात जायचं नाही. काय करू?
– एक वाचक, सांगोला तालुका, जि. सोलापूर

उत्तर : ताई, जमीन नाही म्हणजे कर्ज नाही, हे आधी मनातून काढून टाका. बँकेच्या ग्रामीण शाखांत कृषी अधिकारी म्हणून माझी सगळी नोकरी झाली. सात-बाराच्या एका कागदावर दूधवाल्या बाईला परत पाठवलेलं मी पाहिलं आहे आणि त्याचा मला आजही राग येतो. किसान क्रेडिट कार्ड पशुपालनाला लागू झालं 2018-19 च्या अर्थसंकल्पानंतर. रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक फेब्रुवारी 2019 चं आहे. त्यात दूध उत्पादक, बचत गट, इतकंच काय, भाड्याच्या गोठ्यात जनावरं बांधणाराही पात्र धरला आहे. तेव्हा गोठा दाखवा. घर आणि गोठा ज्या जागेत आहे तिचा ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा काढा, सासऱ्यांचं संमतीपत्र जोडा.

जामीनदार आणि तारणाचं म्हणाल, तर 1 जानेवारी 2025 पासून 2 लाखांपर्यंतच्या शेती व जोडधंद्याच्या कर्जाला बँकेनं तारणही मागायचं नाही आणि स्वतःचा हिस्सा भरायलाही सांगायचं नाही, असा नियम आहे.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथेच पुष्कळ जण अडकतात. किसान क्रेडिट कार्ड खेळत्या भांडवलासाठी आहे : पेंड, वैरण, औषधपाणी, मजुरी, वीजबिल. त्यातून म्हैस घेऊ नका. म्हशीसाठी वेगळं मुदत कर्ज मागा. कार्डावर पशुपालनासाठी 2 लाखांपर्यंत व्याज 7 टक्के आणि वेळेत भरलं तर 3 टक्के सूट, म्हणजे 4 टक्क्यांनी पैसा मिळतो. ही सूट मुदत कर्जाला नाही. कार्डाचे पैसे म्हशीत गेले, की वर्षाच्या आत फेडायला हातात काही राहत नाही, सूटही जाते आणि खातं थकतं.

मुदत कर्जाचा हिशेब मांडून बघा. 1 लाख, 3 वर्षं, व्याज 11 टक्के धरलं तर हप्ता महिना सुमारे 3,270 रुपये. म्हैस रोज 8 लिटर देते, दर 50 रुपये, खुराक-वैरण-औषधाला दिवसाला 230 रुपये धरले तर महिन्याला 5,100 उरतात. हप्ता बसतो. पण म्हैस आटली की दूध बंद, खाणं चालू. म्हणून तिसरी म्हैस घेताना तुमच्या घरच्या दोघी कधी व्यायल्या आहेत ते पाहा आणि त्या आटतील तेव्हा जी दुधात असेल अशीच निवडा. बँकेला हे लिहून द्या. तिन्ही एकाच वेळी भाकड असलेला गोठा मी पाहिला आहे. त्या घरचे चार महिन्यांचे हप्ते एकदम थकले होते.

तुमचा खरा कागद म्हणजे दुधाचं बिल. पण संस्थेत सभासद क्रमांक कोणाच्या नावावर आहे, हे तुम्ही लिहिलं नाही. धार तुम्ही काढता, संस्थेत दूध तुम्ही घालता, आणि खातं नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्यांच्या नावावर, असं घरोघर असतं. तुमच्याकडेही तसंच असेल, तर सचिवांना भेटून सभासदत्व आपल्या नावावर करून घ्या आणि बिल आपल्या बँक खात्यात जमा करायला सांगा. सहा महिन्यांची पानं तुमच्या पासबुकात दिसू द्या. संस्था बिलातून हप्ता कापून बँकेला भरण्याची हमी देत असेल, तर तारणाशिवायची मर्यादा 3 लाखांपर्यंत जाते. हे पत्र जरूर मागा.

म्हैस आणली की कानात बिल्ला आणि विमा, दोन्ही त्याच आठवड्यात. बिल्ला पडला तर लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवून नवा मारून घ्या. बिल्ल्याशिवाय विम्याचा दावा अडतो.

आणि तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. नाकारलं तर कारण लेखी द्यावं लागतं, तो तुमचा हक्क आहे. तरीही दाद लागली नाही तर बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. चौकशीला 14448 हा क्रमांक आहे.

प्रश्न : माझं दूध खासगी संकलन केंद्रावर जातं. पैसे रोख मिळतात, त्यातून केंद्राकडून आगाऊ घेतलेली उचलही फिटते. बँकेला उत्पन्न काय दाखवू?
– एक वाचक, जुन्नर तालुका, जि. पुणे

उत्तर : दादा, रोख थांबवा. केंद्रचालकाला पैसे खात्यात टाकायला सांगा, आणि फॅट-एसएनएफच्या (दुधातली चरबी आणि बाकीचे घन घटक दाखवणाऱ्या) चिठ्ठ्या फेकू नका, वहीत तारखेप्रमाणे चिकटवा. उचल जास्त असेल तर बँक आधी तेच विचारणार. तिचा आकडा अर्जात खरा लिहा. तुमच्या घरातली कोणी ‘उमेद’च्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) बचत गटात असेल तर तिकडूनही बघा. गटाला 20 लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं, आणि तिथे गटाची बचत, बैठका व परतफेड पाहिली जाते.