टक्सीडो अर्चिनचे काटे गळतायत? औषध राहू द्या, आधी पाणी मोजा

लातूरहून विचारलंय: १०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी, आठवड्यापूर्वी आणलेला टक्सीडो अर्चिन (समुद्रातला गोल, काटेरी प्राणी), काटे गळतायत, औषध कोणतं घालू?

कोणतंच नको. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर मिळणारं तांब्याचं औषध तर चुकूनही नको, अर्चिन त्यात वाचत नाही.

पहिलं म्हणजे, गळालेत कुठले ते नीट बघा. या जातीच्या (मेस्पिलिया ग्लोब्युलस) लिंबाएवढ्या कवचावर दहा निळे मखमली पट्टे असतात, तिथं काटे नसतातच. आखूड काटे पट्ट्यांच्या मधल्या जागेत. तिथं टक्कल पडत असेल तरच काळजी. पाठीवर शिंपल्यांचे तुकडे, शेवाळ घेऊन बसतो ती त्याची सवय आहे, काढू नका.

आता खरं दुखणं. हा प्राणी पश्चिम पॅसिफिककडच्या उथळ प्रवाळ भागातला, जिथं क्षारता फारशी हलत नाही. अंगातल्या द्रवाची क्षारता त्याला स्वतः सांभाळता येत नाही. बाहेरचं पाणी बदललं की आतलंही बदलतं. मासा जे सोसतो ते याला सोसत नाही. आणि लातूरच्या कोरड्या उन्हाळ्यात पंखा लावलेल्या टाकीतून दिवसाला २ लिटर पाणी सहज उडतं. मीठ उडत नाही. म्हणजे चार दिवसांत १०० चे ९२ लिटर, आणि दर हजारी ३५ ची क्षारता ३८ वर. त्यात पुन्हा मीठ कालवलेलं पाणी ओतलं तर आणखी वर. उडालेलं पाणी रोज, आरओच्या साध्या पाण्यानंच भरा. काचेवर पातळीची खूण करून ठेवा.

पण स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी घेताना टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) बुडवून बघा. बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतात, मग बोअरचे क्षार टाकीत साठत जातात. पुढं डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची) नळी जोडा, आकडा शून्याच्या आसपास यायला हवा. आरओचं वाया जाणारं पाणी फरशीला वापरा. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या गावात हे वेगळं सांगायला नको.

क्षारता वर गेलीच असेल तर एकदम खाली आणू नका, दिवसाला दर हजारी १ पुरे. रिफ्रॅक्टोमीटरनं (थेंबभर पाण्यातून क्षारता दाखवणाऱ्या उपकरणानं) मोजा, घनता १.०२५-१.०२६. अमोनिया आणि नायट्राइट (टाकीतल्या घाणीतून होणारी विषं) शून्य, तापमान २४-२६ अंश. २८ च्या वर पाण्यात ऑक्सिजन कमी पडतो, म्हणून लाइट जाते त्या वेळेसाठी बॅटरीवरचा एअर पंप हवाच.

उपासमारही तपासा. दगडावर चांदणीसारखे पाच रेघांचे पांढरे ओरखडे दिसत असतील तर त्याचे पाच दात चालू आहेत. नव्या टाकीत शेवाळच नसतं. बिनमिठाच्या, बिनमसाल्याच्या नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापुद्र्याचा) ४ सेंटीमीटरचा तुकडा आठवड्यातून दोन-तीनदा संध्याकाळी दगडाखाली दाबून ठेवा, उरलेला सकाळी काढा.

दगडाला चिकटलेला ओढून काढू नका, नलिकापाद (चिकटायचे नळीसारखे बारीक पाय) तुटतात. सुटा सापडला तर पाण्यातच हलक्या हातानं उलटा ठेवा. काही मिनिटांत स्वतः पालथा झाला तर जीव आहे, पाणी सुधारलं की काटे पुन्हा येतील. तासभर तसाच पडून राहिला, काटेही हलेनात आणि वास येऊ लागला तर लगेच बाहेर काढा, नाहीतर अमोनिया वाढून मासेही जातील.