बँड वाजवणारा मुलगा, बँड वाजलेली टीम

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत शिकतो आणि कॉलेजच्या फुटबॉल टीमच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. यंदा गाजावाजा करून नवा कोच आणला, तर टीम १२ पैकी ९ सामने हरली. आधी बरी चालली होती. सगळा सीझन पोरगा रविवारी फोनवर रडवेला असायचा. नव्या कोचमुळे टीम सुधारायला हवी ना? आता त्याला काढतील का? – एक आई

उत्तर : ताई, १२ पैकी ९ वाचून हसू आलं, माफ करा. २००८ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या टीमचा हिशेब अगदी हाच होता. मी तेव्हा तिथे नवखा विद्यार्थी. फुटबॉल पायाने खेळतात एवढंच ज्ञान घेऊन (अमेरिकन फुटबॉलमध्ये तर बॉल हातात धरून पळतात नि फेकतात) लाखभर माणसांच्या स्टेडियममध्ये बसायचो. १९६७ नंतर पहिल्यांदाच विजयांपेक्षा पराभव जास्त झालेत, हे शेजारच्या आजोबांनी मला प्रत्येक मॅचला ऐकवलं.

कोच होते रिच रॉड्रिगेझ. त्यांचा सगळा डाव धावणाऱ्या क्वार्टरबॅकवर, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हातात असलेल्या खेळाडूवर उभा. त्यांच्या वाट्याला आली ती उभं राहून बॉल फेकायच्या खेळासाठी निवडलेली मुलं, आणि त्यातलीही बिनीची निघून गेलेली. हेनी, हार्ट आणि जेक लाँग व्यावसायिक खेळायला गेले, तर मॅलेटने थेट कॉलेजच बदललं. कोच एका दिवसात बदलता येतो, पण त्याला हवी तशी पोरं गोळा करायला दोन-तीन वर्षं जातात. तोवर टोलेडोसारखी छोटी टीमही घरात येऊन १३-१० ने हरवून जाते. विस्कॉन्सिनविरुद्ध मात्र मध्यंतराला ०-१९ असताना माझा रूममेट वैतागून घरी गेला, आणि आम्ही २७-२५ ने जिंकलो. हे त्याला मी अजून ऐकवतो.

एका वर्षात सहसा काढत नाहीत. करार अनेक वर्षांचा असतो आणि मधेच घालवायचं तर भरपाई भरमसाट. पण म्हणून कोच चांगलाच निघेल असंही नाही. रॉड्रिगेझना तीन सीझन मिळाले : १५ विजय, २२ पराभव. २०१० मध्ये इलिनॉयला ६७-६५ ने हरवलं तेव्हा लोक नाचत होते. मला ते ६५ टोचत होते. आक्रमण जमलं होतं, बचावाची पार चाळण. उलट निक सेबन अलाबामा विद्यापीठात कोच म्हणून आले त्या २००७ साली त्यांची टीम लुइझियाना-मन्रोसारख्या छोट्या टीमकडून घरच्या मैदानावर हरली होती आणि २००९ मध्ये एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेती ठरली. तेव्हा पुढच्या वर्षी मुलाला किती जिंकलो हे नंतर विचारा, समोरच्यांना किती गुण दिले ते आधी.

आणि बँड सोडू देऊ नका. टीम ३५ गुणांनी मागे असली तरी शेवटपर्यंत जागेवर असतात ते बँडवालेच. फक्त ट्रम्पेटचा माउथपीस खिशात ठेवायला सांगा. नोव्हेंबरच्या थंडीत तो ओठांना चिकटतो.