बाबांच्या सीओपीडीत इओसिनोफिल वाढलेत? आधी हे बघा

ताई, घाबरू नका. सीओपीडी म्हणजे फुप्फुसांचा दम लागणारा जुनाट आजार, आणि इओसिनोफिल म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये नुसत्या टक्केवारीवर जाऊ नका, अ‍ॅबसोल्यूट काउंट (एका मायक्रोलिटर रक्तातली प्रत्यक्ष संख्या) बघा, लिहिलेला नसेल तर पांढऱ्या पेशी 8000 आणि इओसिनोफिल 5 टक्के म्हणजे 400, असा सरळ हिशोब. 300 किंवा वर असेल तर इन्हेलरमधल्या स्टेरॉइडचा उपयोग होण्याची शक्यता चांगली, 100 च्या खाली असेल तर फायदा कमी आणि न्यूमोनियाची भीती जास्त, मधलं असेल तर वर्षात किती वेळा दम वाढून त्रास झाला ते बघून डॉक्टर ठरवतात. आणि हो, नुकताच स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स झाला असेल तर आकडा खाली दिसतो, जंत किंवा अ‍ॅलर्जी असेल तर वर जातो, त्यामुळे एकाच रिपोर्टवर विसंबू नका, जुने सगळे तारखेप्रमाणे लावून न्या, आमच्या अण्णांचे तसेच लावलेत.

स्टेरॉइडचा पंप मारला की चूळ भरून थुंकायला लावा, नाहीतर जिभेवर पांढरा थर धरतो. डुपिलुमॅब इंजेक्शनला अमेरिकेत 2024 मध्ये सीओपीडीसाठी मंजुरी मिळालीय, पण ते इन्हेलर नीट चालू असूनही त्रास थांबत नाही अशांसाठी, आत्ताच त्याच्या मागे लागू नका. घोडबंदर रोडला राहताय ना, मग सकाळच्या ट्रॅफिकमध्ये त्यांना फिरायला पाठवू नका, आणि पंप स्वतःच्या मनाने बंद तर अजिबात करू नका.