पहिला फोन दिलास ना, मग आत्ताच हे कर

अगं लेकाला फोन दिलायस तर नियम पहिल्याच आठवड्यात लाव, सहा महिन्यांनी लावायला गेलीस की रोज भांडणं, मी ते भोगलंय. आमच्याकडे नववीत दिला, आणि एकदा पावसात लाईट गेलेली, रात्री दीडला उठले तर गोधडीच्या आत निळा उजेड, अभ्यास करतोय म्हणे. त्या दिवसापासून दहा वाजले की सगळ्यांचे फोन माजघरातल्या फडताळात, चार्जर पण तिथेच. सगळ्यांचे म्हणजे आमच्या ह्यांचा पण हां, नाहीतर पोरं ऐकत नाहीत. गजर हवा म्हणेल, तर सरळ घड्याळ आणून दे.

गूगलचं फॅमिली लिंक ॲप टाक, त्यात रोजची वेळ ठरवता येते, रात्री फोन लॉक होतो. पण चोरून नको, त्याला शेजारी बसवून सेट कर. इन्स्टाला वय १३ पूर्ण लागतं आणि २०२५ पासून आपल्याकडे टीन अकाउंट, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांचं वेगळं खातं, आलंय, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद असतात, १६ च्या आतल्याला सेटिंग सैल करायला आईबाबांची परवानगी लागते, म्हणून त्याने जन्मतारीख खरी टाकलीय ना ते आधी बघ, सगळं तिथेच अडतं.

आणि फोन बाजूला ठेवायला लावलास तर हातात दुसरं काही दे. आमचा मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरायला बसला की त्याला फोन आठवत पण नाही, संध्याकाळी किनाऱ्यावर क्रिकेट असतं. पावसाळ्यात कठीण जातं, तेव्हा मी अर्धा तास जास्त देते. हिसकावून मात्र कधी घेऊ नकोस.